मिशी लावलेला दावेदार

रियाज मोमीन नापास झाला ही बातमी ऑफिसात त्याच्या आधी पोचली. पुण्यात वाईट बातमीला रिक्षा शोधावी लागत नाही. तो बिचारा कर्वेनगरच्या प्रशिक्षण संस्थेतून दोन बस बदलत शंकरशेट रस्त्यावर उतरला, जिना चढून आत आला, तर सगळे आपापल्या कॉम्प्युटरमध्ये डोकं खुपसून बसलेले. एवढं मन लावून ही मंडळी रोज बसली असती तर एकही क्लेम तुंबला नसता. रियाजनं डबा टेबलावर ठेवला, खुर्ची पुढे ओढली आणि रांगेतल्या पहिल्या माणसाला हाक मारली.

आता ही परीक्षा कसली, ते सांगायला हवं. रियाजची कंपनी म्हणजे निरनिराळ्या विमा कंपन्यांचे क्लेम तपासून मार्गी लावणारी एक खासगी सेवा-कंपनी. खालच्या मजल्यावर आरोग्याचे क्लेम, म्हणजे आजारपण, ऑपरेशन, हॉस्पिटलची बिलं. वरच्या मजल्यावर आयुर्विम्याचे, म्हणजे माणूस गेल्यानंतरचे. खालचे लोक वरच्या मजल्याला ‘वैकुंठ’ म्हणत आणि वरचे खालच्याला ‘वॉर्ड’. दोन्हीकडे छान चाललं होतं, आणि छान चाललेल्या गोष्टीला हात लावल्याशिवाय वरिष्ठांना जेवण जात नाही. फर्मान निघालं की इथून पुढे दोन्ही कामांना एकच काउंटर, आणि त्या काउंटरवर बसणाऱ्या प्रत्येकाकडे दोन्ही प्रकारच्या क्लेमचं प्रमाणपत्र हवं. आधी लेखी पेपर, मग प्रात्यक्षिक. दोनदा नापास होईल त्याची रवानगी नूतनीकरण विभागात.

नूतनीकरण म्हणजे कानाला हेडफोन लावायचा, लोक जेवायला बसले की त्यांना फोन करायचा, हप्ता भरा म्हणून सांगायचं आणि शिव्या खायच्या. रियाजला त्या विभागाची मनापासून धास्ती होती. शिव्यांचं काही नाही, गंज पेठेत वाढलेल्या माणसाला शिव्यांचं काय कौतुक. पण समोर माणूस बसलेला असला की रियाजला काम सुचायचं. कुणाचा हात थरथरतोय, कुणाला ऐकू कमी येतंय, कोण सुनेसमोर खरं बोलत नाहीये, हे त्याला टेबलाच्या अलीकडून दिसायचं. फोनवर त्याला काही म्हणजे काही दिसत नसे. समोरची खुर्ची गेली तर आपण कामातून गेलो, हे तो पक्कं जाणून होता.

आणि ज्या सवयीमुळे त्याचं ऑफिसात नाव होतं, तिनंच त्याचा घात केला. क्लेम घेऊन कुणीही येऊन बसलं की बाकीचे आधी पॉलिसी नंबर मागत. रियाज आधी विचारायचा, ‘पेशंट आता कसे आहेत?’ हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. एवढं विचारलं की रागानं लाल होऊन आलेला माणूससुद्धा निवळायचा आणि टाके कधी काढणार, जेवण जातंय का, हे सांगत बसायचा. वर्षानुवर्षं हेच वाक्य. परीक्षेच्या दिवशी संस्थेनं त्याच्यासमोर फिक्या साडीतली एक बाई आणून बसवली. बाई नाटकात कामं करणारी, भूमिका विधवेची, नवऱ्याच्या विम्याचा क्लेम घेऊन आलेली. रियाजनं तिला अदबीनं पाणी दिलं, पुढे झुकला, चेहरा मऊ केला आणि विचारलं, ‘पेशंट आता कसे आहेत?’

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. इथे मेल्यावरही गेली नाही, फक्त मेलेला माणूस दुसरा होता. त्या बाईनं पदर तोंडाला लावला, आणि तिचे खांदे हलायला लागले ते काही रडण्यानं नव्हे. कोपऱ्यात बसलेल्या वैजनाथ सरांनी, म्हणजे संस्थेच्या मुख्य परीक्षकांनी, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, “मोमीन, पेशंट वारलेत. म्हणून तर त्या आल्यात.”

त्याच दिवशी, त्याच संस्थेत, शेजारच्या खोलीत वरच्या मजल्यावरच्या ललिता खळदकर नापास झाल्या. ह्या ललिताताई म्हणजे वैकुंठातल्या सगळ्यात जुन्या. आवाज इतका हळू की त्यांच्याशी भांडायला आलेला माणूससुद्धा कुजबुजायला लागे. त्यांच्यासमोर आरोग्याचा दावेदार म्हणून मच्छिंद्र नावाचा एक नट बसवला होता. आईचा गुडघा बदललाय, बिलं आणलीत, एवढं त्यानं सांगायचा अवकाश, ताईंनी मान खाली घातली, क्षणभर डोळे मिटले आणि म्हणाल्या की फार वाईट झालं. मग सवयीनं विचारलं, मृत्यूचा दाखला आणलाय का. मच्छिंद्र हजरजबाबी. तो म्हणाला, “अजून नाही काढला. आई चालायला लागली की दोघं मिळून जाऊ.”

तर असे हे दोघे. चार दिवसांनी जेवणाच्या सुट्टीत ते समोरासमोर डबे उघडून बसले आणि एकमेकांकडे बघून हसले. पण दोघांच्याही मानेवर तलवार तीच होती. दुसऱ्या प्रात्यक्षिकाचा कागद दोघांनाही आला होता, आणि त्यात वैजनाथ सरांनी खोडसाळपणा केला होता. ह्या वेळी संस्थेत जायचं नाही. संस्थेचाच एक खोटा दावेदार, न सांगता, कुठल्याही दिवशी तुमच्या काउंटरवर येईल. तो कोण हे तुम्हाला कळणार नाही. तो तुमचं वागणं बघेल, मनात टिपून ठेवेल आणि जाऊन गुण देईल. खाली ठळक अक्षरांत नियम होता की दावेदाराला अर्ध्या तासाच्या वर ताटकळत ठेवलं, तर बाकी काही न बघता थेट नापास.

एव्हाना काउंटर एक झालं होतं आणि ताईंचं टेबल खाली, रियाजच्या पलीकडेच आलं होतं. मग दोघांनी एकमेकांची शिकवणी धरली. रियाज ताईंना शिकवायचा की ताई, समोरचा जिवंत माणसाबद्दल बोलतोय, जरा आनंदानं विचारा, उसासे सोडू नका. ताईंना ते जमेना. त्यांनी ‘लवकर बरे व्हा’ म्हटलं तरी ऐकणाऱ्याला वाटे की आता काही खरं नाही. उलट बाजूनं ताई रियाजला शिकवत. त्या म्हणाल्या की माणूस गेल्याचं सांगायला आलेल्याला पहिल्यांदा काही म्हणजे काही विचारायचं नाही. दोन वाक्यं बोलायची आणि गप्प बसायचं. ते आपणहून सांगतात.

“आणि एक गोष्ट पुस्तकात नाही ती ऐका,” ताई म्हणाल्या. “ते एकदा बोलायला लागले की त्यांना दुसऱ्या टेबलावर पाठवायचं नाही. तिकडे गेले की त्यांना ते मरण पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागतं. मी एकदा एका म्हाताऱ्याला तीन टेबलं फिरवलं होतं. तिसऱ्या टेबलावर तो नुसता उभा राहिला, बोललाच नाही.”

रियाजनं हे घरी नेऊन घोकलं. त्याची बायको नसीमबानू वरणाला फोडणी देत होती आणि हा स्वयंपाकघराच्या दारात उभा, चेहरा दुःखी, तोंडातून शब्द नाही. ती म्हणाली काय झालं. हा गप्प. ती म्हणाली नोकरी गेली का. हा आणखी करुण चेहरा करून गप्प, कारण शिकवणीत तसंच होतं. शेवटी तिनं गॅस बंद केला, फोन उचलला आणि भावाला बोलावून घेतलं. मेहुणा हातातलं काम टाकून धावत आला, आणि सगळा उलगडा झाल्यावर त्यानं रियाजला जे ऐकवलं ते ऐकवलंच. नसीमबानूनं बजावलं की ही शिकवणी ऑफिसातच संपवून यायची.

ऑफिसात तर वेगळाच तमाशा. खोटा दावेदार कोण, ह्या विचारानं रियाजला दरवाजातून येणारा प्रत्येक माणूस नट वाटायला लागला. एक गृहस्थ फार सुरेख खोकले, तर ह्यानं त्यांना खुर्ची दिली, पंखा लावून दिला, घसा शेकायला सांगितलं. ते बिचारे शेजारच्या बँकेत जायचे चुकून इकडे आले होते. पाण्याचा फिल्टर दुरुस्त करायला आलेला माणूस उदास दिसला म्हणून रियाजनं त्याला हळू आवाजात म्हटलं की झालं ते फार वाईट झालं. तो म्हणाला, साहेब, नुसतं कँडल बदलायचंय. इतका सौजन्याचा पूर पुण्यातल्या कुठल्या ऑफिसात कधी आला नसेल. लोक बाहेर जाऊन सांगायला लागले आणि रांग वाढली.

अशा एका सकाळी यमुनाबाई आल्या. मांजरीहून आल्या होत्या, डोक्यावर पदर, हातात कापडी पिशवी. नवरा रंगराव, तिकडच्या एका उसाच्या रोपवाटिकेत कामाला होता, तो गेला. त्याच्या विम्याचा क्लेम. रियाजनं त्यांना बसवलं, आणि बाईंनी पिशवीतून कागद काढून एकामागून एक टेबलावर मांडले. मृत्यूचा दाखला, हॉस्पिटलचा कागद, आधार, बँकेचं पासबुक, रद्द केलेला चेक, सगळं नीट लावून आणलेलं, झेरॉक्ससकट. रियाजला मनातून हसूच फुटलं. अहो, इतक्या वर्षांत पहिल्या फेरीत कागद पूर्ण घेऊन आलेला एक माणूस त्यानं पाहिला नव्हता. कुणी चेक विसरतं, कुणी नवऱ्याऐवजी दिराचं आधार आणतं. खरा क्लेमवाला आणि पुरे कागद? शक्यच नाही. म्हणजे बाई संस्थेकडून आलेली होती, खोटा दावेदार हाच.

मग काय विचारता. रियाज दोन वाक्यं बोलला, अगदी ताईंनी घोटून घेतलेली. पाणी पुढे केलं. गप्प बसला. मनात म्हणाला, वैजनाथ सर, ह्या वेळी पेशंटचं नाव काढत नाही. बाई जरा वेळानं आपणहून बोलायला लागल्या, त्यालाही त्यानं मनात गुण देऊन टाकले. आता एकच कागद राहिला होता, मूळ पॉलिसीचा बाँड. तो जमा केल्याशिवाय क्लेम पुढे जात नाही. बाईंच्या मांडीवर तो होता. रियाजनं हात पुढे केला, आणि बाईंनी बाँड पदराखाली ओढून घेतला.

पुस्तकातला दावेदार असं करत नाही. पुस्तकातला दावेदार मागितला कागद देतो. रियाजचा हात तसाच पुढे राहिला.

“ह्यो ठेवून घेनार का तुमी?” यमुनाबाईंनी विचारलं.

रियाज म्हणाला की नियम तसा आहे, क्लेम मंजूर व्हायचा तर मूळ बाँड कंपनीकडे द्यावा लागतो.

“त्यांची सही हाय ह्याच्यावर,” बाई म्हणाल्या. “त्यास्नी लिवता येत न्हवतं. समदीकडं अंगठाच. इम्यावाला म्हनाला सही शिका, तवा महिनाभर भिंतीवर खडूनं गिरवत हुते. पोरं हसायची. ही एकच केली बगा, मग कुटं करायची येळ आली न्हाई.” त्यांनी बाँड उघडून दाखवला. प्रस्तावाच्या पानाची प्रत आत जोडलेली होती आणि तळाशी मोठ्या, वाकड्या, एकमेकांना टेकलेल्या अक्षरांत रंगरावांचं नाव होतं. “मरनाचे कागद तेवढे म्या घातले, बाकी समदे त्यांनीच लावून ठिवले हुते. म्हनाले हुते, म्या न्हाई तर ही पिशवी उचल अन् जा. पर ह्यो द्यावा लागंल ते नाय सांगितलं.”

रियाजला आपली लाज वाटली. मघाशी आपण ह्या बाईला मनात गुण देत होतो, ह्या विचारानं त्याच्या कानशिलांवर घाम आला. ही बाई खरी होती, रंगराव खरा होता आणि खरोखर गेला होता.

तेवढ्यात ललिताताई फाईल शोधायच्या निमित्तानं त्याच्यामागे येऊन उभ्या राहिल्या. हळू बोलण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही, त्यामुळे यमुनाबाईंना काही ऐकू गेलं नाही. त्यांनी सांगितलं की रांगेत तिसऱ्या खुर्चीवर निळा शर्ट घातलेला, जाड मिशीचा माणूस आहे तो मच्छिंद्र. परीक्षेत माझ्यासमोर बसलेला तोच, नुसती मिशी चिकटवलीय, आणि डावीकडून सुटत आलीय. तुमच्या रांगेत आहे, म्हणजे तुमचा खोटा दावेदार तोच. आणि येऊन बराच वेळ झालाय. ह्यांना माझ्याकडे द्या, तुम्ही त्याला घ्या, आत्ताच्या आत्ता.

रियाजनं मान वळवून पाहिलं. मच्छिंद्र घड्याळ बघत होता. भिंतीवरचं नव्हे, हातातलं, म्हणजे खरोखर मोजत होता. नूतनीकरणाचा तो बिनखिडकीचा हॉल, कानात हेडफोन, पलीकडून कुणीतरी तोंडात घास घेऊन ओरडतंय, हे सगळं त्याच्या डोळ्यांसमोर उभं राहिलं. आणि ताई काही वाईट सांगत नव्हत्या. यमुनाबाईंचं काम ताईंनी त्याच्यापेक्षा चांगलं केलं असतं. फक्त उठायचं, बाईंना चार पावलं पलीकडे बसवायचं, आणि नोकरी वाचली.

पण मग ती सही पुन्हा पहिल्यापासून सांगायची. भिंत, खडू, पोरं हसायची ते.

“ताई, त्यांनी आत्ता कुठे तोंड उघडलंय,” तो म्हणाला. “मला नाही उठवत.”

ताईंनी त्याच्याकडे पाहिलं. त्यांनीच शिकवलेलं त्यांच्या अंगावर आलं होतं. “मग व्हा नापास,” त्या म्हणाल्या. “आणि नूतनीकरणातून मला फोन केलात तर मी उचलणार नाही.” एवढं बोलून त्या तिथून गेल्या आणि जाता जाता मच्छिंद्रला पाण्याचा ग्लास देऊन गेल्या. तेवढंच त्यांच्या हातात होतं.

रियाजनं विमा कंपनीच्या मुख्य कार्यालयाला फोन लावला. तिथे आधी बासरी वाजली. मग एका मुलीनं विचारलं काय काम आहे आणि सगळं ऐकून घेऊन परत बासरी लावून दिली. दुसऱ्या माणसानं हे आमच्याकडे येत नाही म्हणून तिसऱ्याकडे दिलं. अर्धा तास केव्हाच उलटून गेला. एकदा उलटल्यावर रियाजला बरंच वाटलं, जे व्हायचं ते होऊन गेलं होतं आणि आता घड्याळाकडे बघायचं कारण उरलं नव्हतं. तो खुर्चीत मागे टेकून बसला आणि बासरी ऐकता ऐकता यमुनाबाईंना रोपवाटिकेबद्दल विचारत राहिला. रंगराव रोपांना पाणी घालताना त्यांच्याशी बोलायचे म्हणे, आणि बायकोशी मात्र महिन्यातून एकदा. हे सांगताना बाई पहिल्यांदा हसल्या.

शेवटी फोनवर एक जाणता माणूस सापडला. त्यानं सांगितलं की मूळ बाँड जमा करावाच लागेल, त्याला इलाज नाही. पण बाईंनी लेखी अर्ज दिला तर क्लेम चुकता झाल्यावर त्यावर ‘रद्द’चा शिक्का मारून तो परत देता येईल. शिक्का सहीपासून लांब मारा, असं रियाजनं त्याच्याकडून दोनदा कबूल करून घेतलं. मग त्यानं स्वतःच अर्ज लिहिला, मोठ्यानं वाचून दाखवला, बाईंचा अंगठा घेतला, आणि त्या पानाची रंगीत प्रत काढून त्यांच्या पिशवीत ठेवली, बाँड परत मिळेपर्यंत असू दे म्हणून. यमुनाबाईंनी बाँड पदराखालून काढला, सहीवरून एकदा बोट फिरवलं आणि त्याच्या हातात दिला. तो त्यांना खाली बसथांब्यापर्यंत सोडायला गेला. मांजरीची बस आल्यावर त्यानं पिशवी आत दिली आणि मगच परत फिरला.

तो वर आला तेव्हा मच्छिंद्र तिसऱ्या खुर्चीवरून उठून त्याच्या टेबलासमोर बसलेला होता. मिशी आता अर्ध्याहून जास्त सुटली होती. रियाज समोर बसला आणि उशिराबद्दल माफी मागितली. मच्छिंद्रनं घसा खाकरला. त्याची भूमिका ठरलेली होती, धायरीत राहणारा मोठा भाऊ अपघातात गेला, वगैरे. “माझा भाऊ,” त्यानं सुरुवात केली आणि थांबला. पुन्हा म्हणाला, “माझा मोठा भाऊ,” आणि पुन्हा थांबला. मग त्यानं सरळ मिशी ओढून काढली आणि टेबलावर ठेवली.

“नाही जमत हो,” तो म्हणाला. “त्या बाईंनंतर मी इथे बसून खोटं रडू? बरं, माझा भाऊ धडधाकट आहे, चितळ्यांच्या रांगेत पहिला असतो.”

मच्छिंद्र म्हणाला की वेळेचा नियम मोडलाय आणि ते मला लिहावं लागणार, मी खोटं लिहिणाऱ्यातला नाही. रियाज म्हणाला, लिहा, खरंच आहे ते. त्याला वाईट वाटत होतं, पण पश्चात्ताप म्हणावा तसा होत नव्हता. एवढ्यात मच्छिंद्रनं इकडेतिकडे पाहिलं, खुर्ची पुढे ओढली आणि झोळीतून प्लॅस्टिकची एक फुगलेली फाईल काढली.

“परीक्षेचं झालं. आता हे बघता का?” तो म्हणाला. “वडिलांच्या हृदयात स्टेंट टाकली. रक्तदाब आधीपासून होता, तो सांगितला नाही, असं म्हणून क्लेम नाकारलाय. दिवाळीपासून मी फिरतोय. जाईन तिथे दुसऱ्या टेबलावर पाठवतात.”

रियाजनं फाईल उघडली. हॉस्पिटलच्या कागदावर कुणीतरी ‘जुना रक्तदाब’ असं घाईत खरडलं होतं, केव्हापासून ते काहीच नाही. त्यानं विचारलं की वडिलांना रक्तदाब कधी निघाला. मच्छिंद्र म्हणाला की पॉलिसी घेतल्यानंतर, गल्लीतल्या डॉक्टरांनी पहिल्यांदा सांगितलं. मग त्या डॉक्टरांचं तसं पत्र आणा, रियाज म्हणाला, आणि हॉस्पिटलकडून ह्या ओळीचा खुलासा घ्या, बाकीचा अर्ज कसा करायचा ते मी सांगतो. दोघांची डोकी फाईलवर जी वाकली ती चहा येऊन गार होईपर्यंत वर झाली नाहीत. लांबून ललिताताई बघत होत्या आणि त्यांना वाटत होतं की परीक्षा फारच कडक चाललीय.

निकालाचा फोन दुसऱ्या दिवशी आला, खुद्द वैजनाथ सरांचा. सरांचा आवाज नेहमीसारखाच कोरडा होता. ते म्हणाले की वेळेच्या रकान्यात तुम्हाला शून्य आहे, म्हणजे नियमानं तुम्ही नापास. रियाज म्हणाला, हो सर. सर म्हणाले की पण आमचा परीक्षक तुमच्याकडे गेला आणि तुमचा दावेदार होऊन परत आला, ह्याला काय म्हणायचं ते नियमात नाही.

“रात्रभर विचार केला,” सर म्हणाले. “तुम्हाला पुन्हा परीक्षेला बसवायचं तर दुसरा नट पाठवावा लागेल. तोही घरची फाईल घेऊनच येणार. माझी नाटकमंडळी सगळी तुमच्याकडे यायला लागली तर संस्था चालवू कशी? तेव्हा तुम्ही पास आहात. प्रमाणपत्र पाठवतोय. हुरळून जाऊ नका.”

रियाजनं हातानंच ललिताताईंना खूण केली. त्यांची स्वतःची परीक्षा अजून व्हायची होती, तरी त्यांनी चक्क मोठ्यानं ‘अगं बाई’ म्हटलं. इतक्या वर्षांत त्यांचा आवाज पलीकडच्या टेबलापर्यंत पहिल्यांदाच गेला असेल. रियाजचे डोळे भरून आले. समोरची खुर्ची राहिली होती. तो आभार मानून फोन ठेवणार, इतक्यात पलीकडून सरांनी घसा खाकरला.

“आणि मोमीन,” ते म्हणाले, “उद्या जागेवर आहात ना? आमच्या हिचं मोतीबिंदूचं बिल अडकलंय.”

रियाज खुर्चीत नीट सावरून बसला.

“या, सर,” तो म्हणाला. “मूळ बिलं घेऊन या. झेरॉक्स चालत नाही.”